सुटी सिगारेट आधी थांबवा

'सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यांचा दंड वाढवा' अशी मागणी करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. मागणी रास्त आहे, पण सिगारेट सोडू पाहणाऱ्याची खरी अडचण टपरीवर आहे. सातपूरच्या कारखान्यात नोकरीला असताना मी १९ वर्षे सिगारेट ओढली आणि तीनदा सोडली. तिन्ही वेळा घात केला तो एका सुट्या सिगारेटने. पाकीट घ्यायचे नाही असे ठरवलेला माणूस शिफ्ट सुटल्यावर 'एकच दे' म्हणतो. दोरीला बांधलेला लायटर समोर लोंबत असतोच. तलफ काही मिनिटांत ओसरते, पण तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे तर फारच कठीण.

महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली. नाशकात सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानकापासून) अंबडपर्यंत ती पाळली जाताना मला तरी दिसत नाही. संबंधित यंत्रणांनी तपासणी टपऱ्यांपासून सुरू करावी आणि तिथेच १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. चौथ्या खेपेला मला याच क्रमांकावरच्या समुपदेशकाने सावरले.

– एक वाचक, सातपूर, नाशिक