चारऐवजी दोन गोळ्या

डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. तुमच्या ओपीडीत रोज केवढी गर्दी असते, त्यात आम्ही लक्षात नसू. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधले जुने कामगार, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेले, कापडी पिशवीत बिलं आणि हिशेबाची वही घेऊन आलेले काकाजी, ते माझे वडील. तेव्हा तुमचे आभार मानायचे राहिले. दाटून आलं होतं, बोलताच आलं नाही.

त्याआधी सहा महिने आम्ही शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात जात होतो. दर तीन महिन्यांनी १२,००० चं इंजेक्शन आणि रोज चार गोळ्या. गोळ्या त्यांच्याच मेडिकलमधून, छापील किमतीत घ्यायच्या. हे किती दिवस चालणार, असं विचारलं तर उत्तर आलं, "जन्मभर." दुसरा काही उपाय आहे का, हे कोणी सांगितलं नाही. सरकारी मोफत उपचार योजनेसाठी रेशन कार्ड पुढे केलं तर "योजना इथे चालत नाही" म्हणून परत दिलं. कुठे चालते, एवढं तरी सांगायचं होतं! त्याचा राग अजून गेला नाही.

तुम्ही फाइल नंतर पाहिली. आधी बाबांना विचारलं, "काकाजी, आतापर्यंत किती पैसे गेले?" इतक्या दिवसांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाबांनी वही उघडून दिली. मग तुम्ही पिशवीतल्या गोळ्या टेबलावर काढून मोजल्या. हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उरल्या होत्या. बाबा दोन महिन्यांपासून चारऐवजी दोनच गोळ्या घेत होते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

मला वाटलं, आता तुम्ही रागावणार. तुम्ही उठलात, दारात उभ्या असलेल्या लोकांना थांबायला सांगितलं, पडदा ओढला आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे, बाबांच्या शेजारी आणून बसलात. हळू आवाजात विचारलं, "पैशासाठी कमी केल्या ना?" बाबा म्हणाले, "नातीची फी भरायची होती जी." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. त्या एका "बरं"मुळे माझा बाप चोर ठरला नाही, मॅडम. त्या दिवशी आम्हाला जे मिळालं, त्यात सगळ्यात मोठं मला हेच वाटतं.

मग तुम्ही माझ्याकडे न बघता त्यांनाच समजावलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. इंजेक्शनं ते हार्मोन बनणं थांबवतात, आणि अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशननेही तेच होतं, एकदाच. पण इंजेक्शन बंद करता येतं, ऑपरेशन परत फिरवता येत नाही. अंगातून गरम वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं दोन्हींत आहे. असल्या विषयावर बाबा माझ्यासमोर कधी बोलले नसते. तुमच्याशी बोलले. दोन दिवस विचार करून स्वतःच म्हणाले, "करून टाकू."

हा उपाय काही नवा नाही. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी तो १९४१ मध्ये दाखवून दिला आणि पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं. इतकी जुनी गोष्ट आमच्यापर्यंत यायला सहा महिने आणि बाबांची एफडी लागली.

ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झालं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि रेशन कार्ड तर आमच्या कपाटातच होतं. गोळीही तुम्ही त्याच औषधाची, दुसऱ्या कंपनीची लिहून दिली, ती निम्म्याहून कमी भावात मिळते. आता बाबा चारही घेतात, रिकाम्या पोटी, घड्याळ बघून.

मेडिकल चौकात विदर्भातून, छत्तीसगडहून, मध्य प्रदेशातून आलेली माणसं फुटपाथवर फाइली घेऊन बसलेली दिसतात. त्यातले किती जण गोळ्या अर्ध्या करत असतील? औषध लिहिताना पेशंटला ते परवडेल का, एवढं विचारायला एक मिनिटही लागत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

पुढच्या तपासणीला बाबा वही आणणार आहेत. इंजेक्शनच्या खान्यात गेल्या तीन वेळच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने शून्य लिहिलंय. ते मॅडमला दाखवायचंय म्हणतात.

तुमचा ऋणी,
काकाजींचा मुलगा