आधी ऊब, मग दूध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली, की गल्लोगल्ली कुत्र्यांना पिल्ले व्हायला लागतात. पावसाळा सरताना माजावर आलेली कुत्री दोन महिन्यांनी, म्हणजे नेमकी थंडीच्या तोंडावर विते. मग कुठे आई गाडीखाली सापडते, कुठे बांधकामावरची वाळू उपसताना पिल्ले उघड्यावर पडतात, आणि शाळेतली मुले, वॉचमन नाहीतर एखाद्या आजी ती खोक्यात घालून घरी आणतात. या माणसांची टिंगल करायला हे पत्र लिहीत नाही, मीही त्यांच्यातलाच आहे. पण डोळे न उघडलेले पिल्लू घरात आले, की सगळ्यांत आधी जे केले जाते त्यानेच ते बहुधा दगावते. गार पडलेल्या पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे आणि पाणी घातलेले गाईचे दूध ड्रॉपरने तोंडात पिळायचे.

थंडीने आपण कुडकुडतो. पहिल्या आठवड्यातले पिल्लू कुडकुडूही शकत नाही, ते नुसते गार पडत जाते. या वयात त्याच्या अंगाचे तापमान 35 ते 37 अंश सेल्सिअस असते. ते 35 च्या खाली गेले, की आतड्यांची हालचाल मंदावते आणि चोखण्याची, गिळण्याची ताकद जाते. अशा वेळी पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते, पोट फुगते किंवा दूध सरळ फुप्फुसात उतरते. दोन दिवसांनी ‘न्यूमोनिया झाला, नशीब त्याचे’ म्हणून आपण मोकळे होतो.

थर्मामीटर नसेल तर करंगळी स्वच्छ धुऊन पिल्लाच्या तोंडात घालून पाहा. तोंड आतून गार लागले, तर दुधाची बाटली बाजूला ठेवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे जास्त झाले तर पिल्लू सरपटत दुसरीकडे जाऊ शकते. हळूहळू, तास-दोन तास घेऊन ऊब द्यायची. हीटरसमोर धरायचे नाही, आणि ‘घाण झालेय’ म्हणून आंघोळ तर मुळीच घालायची नाही. पिल्लू करंगळी चोखू लागले, की मग दूध.

दुधाबद्दलही आपल्या डोक्यात बाळाचाच हिशेब असतो. पचायला हलके म्हणून आपण पाणी घालतो. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा मुळातच कितीतरी दाट असते. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश जवळपास दुप्पट, दुग्धशर्करा मात्र कमी. म्हणजे पाणी घातलेल्या गाईच्या दुधाने पिल्लू उपाशी तर राहतेच, वर जुलाबही होतात. शेळीच्या दुधाचे आपल्याकडे फार कौतुक, पण या बाबतीत तेही गाईच्या दुधाच्याच पंगतीत बसते. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच आणावी. ती मिळेपर्यंत रात्र कशी काढायची, हे पशुवैद्यकांना फोनवर विचारावे.

पाजताना पिल्लू पालथे, आईला लुचताना असते तसे हवे. डोके किंचित वर. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एका वेळेला 100 ग्रॅम वजनामागे साधारण 4 मिली पुरे. ते आणखी मागते म्हणून पाजत राहू नये. दूध नाकातून आले तर लगेच थांबावे. दर वेळी तसे होत असेल तर टाळू फाटलेली आहे का, हे डॉक्टरांना दाखवावे. आणि एक गोष्ट जवळपास कोणालाच ठाऊक नसते. एवढ्याशा पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. दर पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तिथे हलकेच पुसावे लागते, तेही साधारण तीन आठवडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करावे. वजन वाढत नसेल, पिल्लू सारखे रडत असेल किंवा इतरांपासून वेगळे पडून राहत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

अर्थात यातले काहीच करावे न लागणे सर्वांत बरे. पिल्ले एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील, पोटे भरलेली असतील, तर आई आसपासच आहे. ती खायला शोधायला गेली आहे. पुण्य पदरात पाडून घेण्याच्या घाईत तिची पिल्ले उचलू नयेत. लांबून लक्ष ठेवावे आणि तिलाच चार घास घालावेत.

‘कुत्री आधीच उदंड झालीत, त्यात हे लाड कशाला?’ असे विचारणारे शेजारी मलाही आहेत. चावा घेतलेल्या लेकराच्या आईबापांनी तसे विचारले तर त्यांना मी दोष देणार नाही. पण संख्या कमी होते ती निर्बीजीकरणाने. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मध्येही निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हाच मार्ग सांगितला आहे. खोक्यात तीन दिवस धापा टाकत मेलेल्या पिल्लाने तिढा सुटत नाही. जो पिल्लू वाढवेल त्याने वेळेवर जंताचे औषध, लसी आणि पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्लाचा दात किंवा नख लागले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि दवाखान्यात जावे. रेबीज पिल्लांनाही होतो.

आमच्या भागात रात्री दहानंतर एकही पशुवैद्यक फोन उचलत नाही, आणि पिल्लांची पावडर गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळते. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाने थंडीच्या दोन-तीन महिन्यांपुरता तरी रात्रीचा एक फोन चालू ठेवावा. निर्बीजीकरणाच्या गाडीने ओली बाळंतीण कुत्री उचलू नये, कारण तिच्यामागे राहिलेली पिल्ले पुन्हा कोणाच्या तरी खोक्यातच येतात. औषध दुकानदारांनी पावडरीचा एखादा डबा ठेवला तर फार बरे होईल. पडून राहिला तर आमच्या कॉलनीतले आम्ही चार-पाच जण तो विकत घेऊ.

आपला,
एक वाचक, नाशिक