पागेसाहेब, त्या पंधरा दिवसांच्या मुदतीबद्दल आभार

आदरणीय वि. स. पागेसाहेब यांस,

सादर प्रणाम.

१९९० साली तुम्ही गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, हे आम्हाला कळते. तरीही ते उघडपणे लिहीत आहोत, कारण रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी माती उपसली, खडी फोडली, त्यांतल्या कितीतरी जणांना तुमचे नावही ठाऊक नाही. ‘रोहयो’, म्हणजे रोजगार हमी योजना, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तो ज्यांच्या डोक्यातून आला त्यांचे आभार मात्र राहून गेले.

तासगाव तालुक्यातले विसापूर तुमचे गाव. स्वातंत्र्यलढ्यातून तुम्ही राजकारणात आलात आणि १९६० ते १९७८ अशी सलग १८ वर्षे विधान परिषदेचे सभापती राहिलात. सभापतीकडे खाते नसते, निधी नसतो, बदल्या-बढत्या नसतात. सभागृह चालवायचे आणि पक्षाबाहेर राहून सगळ्यांचे ऐकायचे, एवढेच त्याचे काम. त्या खुर्चीवर बसून तुम्ही राज्याला अशी योजना दिलीत, जिचे नाव मंत्र्यांच्या भल्याभल्या योजनांपेक्षा जास्त टिकले. मंत्रिपदावरून माणसाची कारकीर्द मोजणाऱ्यांनी तुमची कारकीर्द एकदा नीट पाहावी असे आम्हाला मनापासून वाटते.

आभार नेमके कशाचे, ते सांगतो. तुमच्याआधीही दुष्काळी कामे निघत होती. पण ती निघण्याची रीत काय होती? आधी पीक बुडायचे. मग आणेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, लागायची, ती ठरलेल्या पातळीच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त जाहीर व्हायचे, आणि त्यानंतर कुठे तालुक्याहून कामाचा हुकूम सुटायचा. तोवर घरातली भांडी मोडीत गेलेली असायची, जनावरांना बाजार दाखवून झालेला असायचा. शेजारच्या गावाची आणेवारी थोडी वर लागली, तर तिथल्या भूमिहीनाला कामच नाही. वास्तविक त्याला आणेवारीशी काय देणेघेणे? त्याच्याकडे पीक नव्हतेच. तुम्ही ही साखळी उलटी केलीत. सरकारने दुष्काळ जाहीर करण्याची वाट न पाहता मजुराने काम मागायचे, आणि मागितले की सरकारने द्यायचे.

१९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या निवडक गावांत तुम्ही हे करून पाहिलेत. १९७२ साली वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर नेण्याचे ठरले, आणि नेमका तेव्हाच तो भीषण दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढी माणसे कामावर आली, तरी हाताला काम मागणे हा हक्क आहे, असे तोवर कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे खरा, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. तो दाखवून तहसील कचेरीत कोणी दाद मागू शकत नव्हते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि मजुराच्या हाती पहिल्यांदा एक तारीख आली. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता.

पैशाची सोय तुम्ही ज्या पद्धतीने लावून घेतलीत, तिचे आम्हाला आजही अप्रूप वाटते. एरवी योजनेची घोषणा आधी होते आणि तिजोरीत खडखडाट असल्याचे नंतर कळते. इथे कायद्याच्या दोन वर्षे आधीच, १९७५ साली, व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदारांकडून आणि व्यावसायिकांकडून तो घ्यायचा, जितका जमेल तितकीच भर सरकारने घालायची, आणि तो पैसा रोजगार हमीसाठी वापरायचा. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात, ती ओळ बहुतेकांनी पाहिलेली असते. ती कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना माहीत असते. मुंबईत पंख्याखाली बसणाऱ्याने माणदेशात उन्हात उभ्या असलेल्या मजुराची मजुरी उचलायची, हे त्या ओळीचे मूळ आहे.

आता कामावरच्या गोष्टी. कारण तुमचा कायदा जिवंत राहतो किंवा मरतो तो तिथेच.

सगळ्यात आधी मागणीचा अर्ज. तो ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची. नव्या माणसाला ही बाब किरकोळ वाटते, पण सगळा हक्क त्या पोचपावतीवर उभा आहे. १५ दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. अर्ज तोंडी घेतला, ‘नाव लिहून घेतो, जा’ असे सांगितले, की मुदत सुरूच होत नाही, आणि मुदत सुरू नाही म्हणजे भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काम नाकारण्याची सर्वात सोपी पद्धत नकार देणे ही नव्हे, पोच न देणे ही आहे. मूळ योजनेत नवे काम काढायला ५० मजूर लागत, त्यामुळे अर्ज एकेकट्याने देण्यापेक्षा वस्तीने मिळून एकाच दिवशी देणे फायद्याचे ठरे. ती सवय जिथे लागली, तिथे पुढेही माणसे काम मिळवत राहिली.

दुसरी अडचण शेल्फची. अर्ज आल्यावर काम आखायला घेतले तर १५ दिवसांत काहीच होत नाही. मोजणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, शेतात काम असेल तर मालकाचे संमतीपत्र, आणि मग कार्यादेश. म्हणून मंजूर कामे आधीच शेल्फवर तयार ठेवायची. अडते ते बहुधा संमतीपत्रावर. सातबारावर पाच भावांची नावे असतात, त्यांतला एक पुण्याला असतो. हे पावसाळ्यात उरकून घेतले नाही, तर जानेवारीत मजूर दारात उभे आणि शेल्फ रिकामा.

आणि मोजमाप. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण मजुरी दिवसावर नसते, कामावर असते. पाच जणांच्या टोळीने सहा दिवसांत ३० फूट लांब, ३० फूट रुंद आणि २ फूट खोल चौकडी, म्हणजे चौकोनी खड्डा, खणली, तर ती १,८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास भरते. आता खोली मोजताना टेप तीन इंच वर धरला गेला आणि २ फुटांऐवजी पावणेदोन फूट लिहिले गेले, तर नोंद होते १,५७५ घनफुटांची. सव्वादोन ब्रास गेले. तीस मनुष्यदिवसांतले जवळपास चार दिवस फुकट. म्हणून चौकडीच्या मधोमध न खणलेल्या मातीचा एक खुंट राखायचा. मूळ जमीन कुठवर होती, हे त्याच्या माथ्यावरून कळते. मोजमाप होईपर्यंत तो पाडायचा नाही, आणि पाऊस येण्याआधी मोजून घ्यायचे, कारण एका सरीत कडा ढासळतात आणि तळाला गाळ बसतो. थराची नोंदही त्याच वेळी करून घ्यायची. वर मऊ माती लागते, हातभर खाली गेल्यावर कठीण मुरूम. दर दोन्हींचा वेगळा. पुस्तकात सगळी मऊ माती लिहिली गेली तर पहारीने काढलेल्या मुरमाला फावड्याचा दर मिळतो.

कामावरून दर ठरत असल्यामुळे एक फार मोठी गोष्ट घडली. ब्रासला बाई-पुरुष नसते. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी हा गावोगावचा रिवाज होता, तेव्हा रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दोघांना एकच दर लागला. बायका या कामांवर एवढ्या मोठ्या संख्येने आल्या त्यामागे हे होते, आणि काम घराजवळ मिळत होते हेही होते. पिण्याचे पाणी, लहान मुलांसाठी सावली, प्रथमोपचार या सोयी कामावर असल्या पाहिजेत, हे योजनेत होते. सावलीचे छप्पर अनेक कामांवर कागदावरच राहिले, आणि ते आम्हाला अजून सलते.

तुमच्या योजनेत बिघाडही झाले, ते तुमच्यापासून लपवणे बरोबर नाही. खोटी मस्टरे भरली गेली. किमान ६० टक्के खर्च अकुशल मजुरीवर हा नियम मजुराच्या भल्याचा, पण साहित्याचा पैसा वेळेवर न आल्याने कितीतरी रस्ते मातीकामावर थांबले, खडी पडली नाही, मोऱ्या बसल्या नाहीत, आणि पहिल्या पावसाळ्यात वाहून गेले. पाझर तलाव आधी बांधले आणि वरच्या डोंगरउतारावर समतल चर खणलेच नाहीत, तिथे तलाव गाळाने भरले. माथ्यापासून पायथ्याकडे काम न्यायचे सोडून जिथे जागा मिळाली तिथे बांध घातला, की असे होते. बेकारी भत्ता किमान रोज एक रुपया ठरला होता, आणि तोही मिळवण्यासाठी झगडावे लागे.

तरी माणसे झगडू शकली, मोर्चे काढू शकली, कोर्टात जाऊ शकली, ती कायद्यात हमीचा शब्द होता म्हणून. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवस दिले. तुमच्या कायद्यात कुटुंबाची मोजदाद नव्हती आणि दिवसांना मर्यादाही नव्हती. काम मागणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती, मागेल तेवढे दिवस. म्हणून महाराष्ट्रात १०० दिवसांपुढच्या मजुरीचा भार राज्याने उचलायचा असे ठरले. घरातल्या सासूचे दिवस भरले म्हणून सुनेचे काम थांबू नये, ही सोय तुमची आहे.

त्या सोयीसाठी, व्यवसाय कराच्या त्या ओळीसाठी, आणि पोचपावतीवरच्या तारखेला अर्थ दिल्याबद्दल, पागेसाहेब, मनापासून आभार.

आपले कृतज्ञ,
मागणी अर्ज, मस्टर आणि मोजमाप यांच्या कामात असलेले रोजगार हमीचे कार्यकर्ते