लिलावात गप्प बसलो त्याची गोष्ट

नागपूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात रॉकेलच्या डब्यात होते, म्हणून तुटक बोललो. राग मानू नकोस. फोनवर तू मध्येच हसतोस आणि मग मला खरं ते सांगवत नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या एका सरकारी संस्थेनं सुतारकामाची कार्यशाळा बंद केली. कुठली ते विचारू नकोस. सगळं सामान निर्लेखित करून, म्हणजे दप्तरातून कमी करून, लिलावात काढलं, ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर. माझी समजूत, एकेक हत्यार वेगळं मांडलेलं असेल. कसलं काय! तीन ढीग होते. लोखंड, मोडकी बाकं आणि ‘इतर’. रंधे, पटाश्या, शिकंजे सगळे लोखंडाच्या ढिगात, खिडक्यांचे गज आणि गंजक्या पाइपांच्या खाली. बोली अख्ख्या ढिगाला.

माल बघायला आधी तासभर मिळाला. मी बाह्या सरसावल्या आणि उकरायला बसलो. कोपरापर्यंत काळा झाल्यावर हाताला लागला चौदा इंची रंधा, पाच नंबरचा. गंज अंगठ्यानं घासला तर ‘रेकॉर्ड’ अशी अक्षरं. शेफिल्डचा माल, बाळ्या! पुण्याच्या जुन्या बाजारात तुला मिळाला त्या स्टॅन्ले कंपनीच्या रंध्याचा चुलतभाऊ. घडण दोघांची एकच, अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीची. त्याची पेटंटं स्टॅन्लेनं 1869 मध्ये घेतली, आणि रेकॉर्डवाल्यांनी 1931 पासून तोच घाट इंग्लंडात ओतायला सुरुवात केली. मुठीचं टोक उडालेलं होतं, ते उडतंच. रंधा पडला की आधी तेच जातं. मी पाहिलं ते तोंड. पातं बाहेर येतं त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांवरून नख फिरवलं. बिडाला तिथे चीर गेली की रंधा संपला, मग नाव कितीही मोठं असो. नख कुठे अडकलं नाही. पातंही निम्म्याहून जास्त शिल्लक. कुशीला पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीतला नंबर.

एवढ्यात शेजारी एक पांढऱ्या शर्टातला माणूस उकिडवा बसला. भंगारवाला. ‘काका, तुम्हाला यातलं काय पाहिजे ते बाजूला सांगा. तिथे हात वर नका करू.’ आवाजात दमदाटी अजिबात नव्हती. चहा घेणार का, असं विचारावं तसं म्हणाला.

लिलाव सुरू झाला. पाच-सहा जणच होते, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. बोली दोन वेळा चढली, तीही उगीच दाखवायला, आणि थांबली. साहेबांनी तीनदा पुकारलं. माझा हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला.

खरा लिलाव नंतर झाला, फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली. टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून त्याच मंडळींची त्याच ढिगावर पुन्हा आपापसात बोली. या वेळी भाव चांगलाच वर गेला, आणि मधला फरक सगळ्यांनी वाटून घेतला. मला रंधा, दोन पटाश्या आणि एक गिरमिट सातशे रुपयांत. भंगाराच्या हिशेबानं त्यानं मला महागच लावलं, सुताराच्या हिशेबानं फुकट.

आता तू म्हणशील, नाना, तूसुद्धा? होय. हात वर केला असता तर ढीग माझ्या गळ्यात पडला असता, आणि चार क्विंटल गज घेऊन घरी गेलो असतो तर हिनं मलाच ‘इतर’च्या ढिगात टाकलं असतं. हे रोज स्वतःला सांगतो. पटतं, पण जेवणापुरतंच.

आणि हात वर केल्यावर काय होतं तेही मला माहीत आहे. गेल्या वर्षीचं सागवान तुला सांगितलं नव्हतं. चंद्रपूरकडच्या डेपोत तीन नगांचा लहानसा लॉट होता. जंगलखात्याचं माप तुला ठाऊक आहे. ओंडक्याची मधली लपेट, म्हणजे घेर, घ्यायची, तिचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. एकशेवीस सेंटीमीटर लपेट आणि तीन मीटर लांबी म्हणजे कागदावर 0.27 घनमीटर. पूर्ण गोल धरला तर 0.34 च्या वर भरतं. म्हणजे कडेची साल-पांढर आपल्याला फुकटात, असं मनात घोळवत होतो. समोर एक पोरगेला व्यापारी होता. मी बोललो की तो फक्त हसायचा आणि पुढे जायचा. त्या हसण्यावर मी चार बोल्या जास्त दिल्या. लाकडावर नाही हं, हसण्यावर! आदल्या दिवशी ओंडक्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून आवाज ऐकायला हवा होता. टोकाला माती लिंपल्यासारखी दिसत होती, तीही खरवडली नाही. पैसे भरले, वाहतूक परवाना घेतला, आरा मशीनवर माल उतरवला. पहिल्याच चिरेला आतून भुसभुशीत वारुळाची माती सांडली. मिस्त्रीनं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते बरंच केलं त्यानं. तीन नगांतला एक पोकळ, दुसऱ्याला गाभ्यात तडा. तिसऱ्यातून दोन स्टुलं निघाली. त्यातल्या एकावर बसून हे लिहितोय.

तेव्हापासून वाड्याचं जुनं सागवानच बरं वाटतं. मोडलेल्या तुळईची पोकळी निदान लपत नाही. फक्त आधी लोहचुंबक फिरवायचं. नाहीतर आतल्या खिळ्यावर पात्याचा दात पडतो आणि अख्खी सकाळ दगडावर जाते.

रंध्याचा तळ काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासतोय. मध्ये अजून टिकलीएवढा खड्डा आहे, तेवढा राहू देणार. मूठ शिसवीची करतोय. पहिली फुटली.

पटाश्यांतली सव्वा इंचवाली तुझी. मानेजवळ तीन पानांची खूण आहे, म्हणजे मार्पल्स कंपनीची. दांडा नाही, धार नाही. भाचा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. सातशेतले तुझे दीडशे. शंभर म्हणशील हे मला माहीत आहे, तेव्हा मी आताच दोनशे म्हणून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना