कोसंबींचा एच-इंडेक्स किती भरेल?

प्रति,
मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की ‘आमच्या विद्यापीठातले इतके प्राध्यापक जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत’ ही बातमी येते. यंदाही आली, आपल्याही अंकात होती. पासपोर्ट आकाराचे फोटो, विभागांची नावे, कुलगुरूंचे अभिनंदन, सगळे होते. या मंडळींनी शोधले काय, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा आकड्यांशी माझे वैर असायचे कारण नाही. पण आकडा कशाचा आहे हे न सांगता तो छापला की मला गप्प बसवत नाही.

या बातमीमागच्या यादीला ‘स्टॅनफोर्डची यादी’ हे नाव आपल्याकडे रूढ झाले आहे. पण त्या विद्यापीठाने विद्यापीठ म्हणून काढलेली ही क्रमवारी नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून ती तयार करतात. एकूण सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांत दिलेले आपल्या पेपरांचे संदर्भ), एच-इंडेक्स (तो काय ते पुढे सांगते), सहलेखकांत वाटून काढलेला एच-इंडेक्स, शिवाय एकट्याने लिहिलेल्या किंवा पहिले अथवा शेवटचे नाव असलेल्या पेपरांची सायटेशन्स, असे सहा निकष मिळून एक गुण निघतो. याद्याही दोन असतात, एक साऱ्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षातल्या सायटेशन्सची. आपल्या बातम्यांत या दोहोंची हमखास सरमिसळ होते. एखाद्या वर्षी चलती असलेल्या विषयात काम करणारा आणि आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झटणारा असे दोघे शेजारी शेजारी, एकाच चौकटीत झळकतात.

मूळ फाइलमध्ये आणखी दोन रकाने आहेत. माणसाने स्वतःच स्वतःचे पेपर किती टक्के उद्धृत केले, हा एक. मागे घ्यावे लागलेले, म्हणजे रिट्रॅक्ट झालेले पेपर किती, हा दुसरा, तो अलीकडे जोडला. यादी करणाऱ्यांनी हे सगळे उघड मांडून ठेवले आहे. ते बातमीपर्यंत पोचत नाही, हा त्यांचा दोष कसा म्हणावा?

एच-इंडेक्सबद्दल थोडेसे. जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप 2005 मध्ये सुचवले. तुमचे 10 पेपर प्रत्येकी निदान 10 वेळा उद्धृत झाले असतील तर तुमचा एच 10. सुटसुटीत आहे. मात्र आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि जगाने तो हजार वेळा वापरला, तर एच फक्त 1. पुढे 2020 मध्ये खुद्द हिर्श यांनीच या मापाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, असे लिहिले.

आता हे माप आपल्या घरच्या माणसाला लावून बघू. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म 1907, गोव्यातला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, पुढे होमी भाभांच्या बोलावण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई जा-ये करणारे.

त्यांचा एक चार पानी पेपर लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी झालेली दिसतात, त्यावरून अंदाज बांधावा लागतो. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी 1919 मध्ये त्यासाठी सूत्र दिले होते, पण एका जागी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की लगतच्या जागी ती होण्याची शक्यता घटते, हे त्यात धरलेले नव्हते. कोसंबींनी ते धरले. फरक किती पडतो म्हणाल, तर दोन जनुके 20 टक्के वेळा वेगळी झालेली दिसली, की हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर 25.5 सेंटिमॉर्गन (हे जनुकांमधले अंतर मोजायचे एकक) येते आणि कोसंबींच्या सूत्राने 21.2. आजही हरभऱ्याचा किंवा ज्वारीचा जनुकीय नकाशा करायला बसलेल्याला संगणक विचारतो, हाल्डेन की कोसंबी? आणि पुष्कळ जण कोसंबी निवडतात.

या पेपरची मोजणी कशी होते? कोणी त्याचे साल 1943 लिहितो, कोणी 1944. एका कामाच्या दोन नोंदी होतात. कितीतरी जण ‘कोसंबी फंक्शन वापरले’ एवढेच लिहून मोकळे होतात, मूळ पेपरचा संदर्भ देतच नाहीत. तिथे मोजणी शून्य. पूर्ण कारकिर्दीच्या यादीत तर पेपर धरतात ते 1960 पासूनचे. म्हणजे हा पेपर दारातच अडतो. 1943 मध्येच त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त जे गणिती तंत्र मांडले, ते नंतर कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांच्या नावाने जगभर शिकवले गेले. अलीकडे कोठे कोठे त्या नावांआधी कोसंबींचे नाव जोडतात.

बाकी कामाचे काय करायचे? प्राचीन नाणी हजारोंनी तोलून झिजेवरून त्यांचा काळ लावणे, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती (1948), भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वेगळे वळण देणारे 1956 चे पुस्तक. त्या यादीत विषयांचे 22 कप्पे आहेत. या गृहस्थांना कोणत्या कप्प्यात कोंबणार?

शिवाय माणूस खट्याळ. अलीगढला असताना आंद्रे वाइल या फ्रेंच गणितज्ञाच्या सांगण्यावरून एका सहकाऱ्याची जिरवायला त्यांनी पेपर लिहिला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. असा कोणी रशियन नव्हताच! त्याच नावाखाली पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या गटाने ग्रंथमाला काढली. 1960 च्या दशकात तर कोसंबींनी काही पेपर एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. लेखक आणि सायटेशन्स जुळवणाऱ्या यंत्राने काय करावे?

पण कोसंबींवर अन्याय झाला एवढेच सांगून थांबले, तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. 1959 मध्ये त्यांनी रीमान गृहीतक हे गणितातले प्रसिद्ध कोडे सोडवल्याचा दावा छापला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. जाणकारांनी तो मानला नाही, आणि ते बरोबरच होते. रीमान गृहीतक आजही सुटलेले नाही. 1962 मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही, त्यामागे जी कारणे होती त्यात हेही एक होते. चार पानांचा तो पेपर अस्सल आणि रीमानचा दावा फोल, हे कोणत्या सायटेशनच्या आकड्याने ठरले? दोन्ही वेळा कोणीतरी पेपर उघडून, कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

आपल्याकडे नेमके हेच थांबले आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत विज्ञानातल्या एका पेपरला 8 गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनांहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के. करा हिशेब. एकट्याने लिहिलात तर जगात 8 गुण तयार होतात. दोघांनी लिहिलात तर 11.2. सहा जणांनी लिहिलात तर 5.6 अधिक पाच वेळा 2.4, म्हणजे 17.6! पेपर तोच, प्रयोग तोच, नावे वाढवली की गुण दुपटीहून जास्त. मग प्राचार्यांचे नाव, शेजारच्या विभागातल्या मित्राचे नाव आपोआप आत येते. तो पुढच्या पेपरात परतफेड करतोच. यात कोणाच्या नीतिमत्तेला दोष देण्याआधी ज्याने ही टक्केवारी ठरवली त्याला बेरीज करायला सांगावी.

एका महाविद्यालयात मी कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या छाननीला बसले होते. टेबलावर टॅग लावलेल्या जाडजूड फायली. एक सदस्य आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, वाचून दाखवत होते, दुसरे तो यादीत शोधत होते, कारकून कॅल्क्युलेटरवर बेरीज मारत होता. मी सवयीने एक पेपर उघडला. सर्वेक्षणाच्या पहिल्याच तक्त्यात, एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाच्या उत्तरांची टक्केवारी 100 च्या वर गेलेली! मी बोट दाखवले, तर अध्यक्ष हसून म्हणाले, “मॅडम, आपल्याला फक्त आयएसएसएन बघायचाय. आत शिरलो तर मुक्काम करावा लागेल.” त्या पेपरला पूर्ण गुण मिळाले. त्यावर सही माझीही आहे, कारण नियमाने गुण बरोबर होते.

पैसे भरून आठवड्यात छापून देणारी जर्नल्स याच मातीत उगवली. मे 2018 मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून 4,305 जर्नल्स काढावी लागली. पुढे मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादी आली आणि 2025 मध्ये तीही बंद झाली. यादी बदलली, पण पेपर वाचायची जबाबदारी कोणावर, हे कोणी ठरवले नाही. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायटेशन इंडेक्स काढला तो आपल्या विषयाचे पेपर संशोधकाला सापडावेत म्हणून. शोधायला आजही त्यासारखे साधन नाही. पगारवाढ ठरवायला ते वापरायचे, ही मागाहून आलेली हौस.

सहकार्याने होणारे सगळेच संशोधन नाव-वाढीचे असते, असे मात्र कोणी समजू नये. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरचा 2015 चा पेपर 5,154 जणांच्या नावावर आहे. 33 पानांपैकी 9 पाने मजकूर, बाकी सगळी नावे आणि संस्था. तिथे तेवढी माणसे खरोखर लागतात. गुरुत्वलहरी सापडल्याचा 2016 चा पेपरही हजाराहून अधिक लेखकांचा आहे, त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले संशोधकही आहेत. पण गोंगाटातून असा क्षीण संकेत गाळून कसा काढायचा, यावर आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच पेपर लिहिला होता, दोघांनीच. प्रत्यक्ष लहर सापडायला 2015 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात ‘गेल्या वर्षी किती सायटेशन्स?’ असे त्यांना विचारून काय कळले असते? आणखी एक गंमत म्हणजे गणितात आणि अशा मोठ्या प्रयोगांत लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमाने लावतात. तिथे ‘पहिला लेखक’ या निकषाने आडनावाचे आद्याक्षर मोजले जाते.

संपादक महोदय, आपण ही बातमी छापू नये असे माझे म्हणणे नाही. यादीत आलेल्यांपैकी कित्येकांनी खरोखर घाम गाळला आहे, त्यांना शाबासकी मिळायलाच हवी. मागणे इतकेच की, पुढच्या खेपेला विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक आले की आपल्या वार्ताहराने आधी ती मूळ फाइल उतरवून घ्यावी. साधी एक्सेल आहे, फुकट मिळते. कारकिर्दीची यादी की एका वर्षाची, स्वतःची सायटेशन्स किती टक्के, रिट्रॅक्ट झालेला पेपर आहे का, एवढ्या तीन गोष्टी बघायला पाच मिनिटे पुरतात. मग त्या प्राध्यापकांना फोन करून विचारावे, “तुमचा एकच पेपर वाचायचा तर कोणता, आणि त्यात काय आहे?” उत्तर मराठीत, चार ओळींत, फोटोखाली छापावे. जे सांगू शकणार नाहीत त्यांची जागा कोरी सोडावी.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कऱ्हाड