२५ मिनिटांतला संसार

संपादक महोदय,

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळयानावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा १९९२मधला ‘द इनर लाइट’ हा भाग परवा पुन्हा पाहिला. यानावर जेमतेम २५ मिनिटं बेशुद्ध पडलेला कप्तान पिकार्ड तेवढ्यात कटान ग्रहावर कामिन म्हणून अख्खा संसार करतो. बायको, मुलं, बासरी, वर्षानुवर्षं हटत नसलेला दुष्काळ! मुलाच्या भूमिकेत पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खराखुरा मुलगा आहे, म्हणून असेल, पण ते घर खोटं वाटत नाही. लढाई जवळजवळ नाहीच. विज्ञानकथांसाठीचा १९९३चा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो योग्यच.

राग एकाच गोष्टीचा. पुढच्याच भागात साहेब रजेवरून आल्यासारखे कामाला लागतात! बायको गेली, नातवंडं गेली, त्याचं काय? सहाव्या पर्वात बासरी पुन्हा वाजते, तेवढंच.

– एक वाचक, सांगली