व्ह्यू-मास्टरच्या चकतीत सातच दृश्ये का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी खेळण्यांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. व्ह्यू-मास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून गोल चकतीवरची चित्रे उठावदार (त्रिमितीत) पाहायचे यंत्र, याबद्दल त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे 'दोन डोळ्यांपुढे एकच चित्र दोनदा'. तसे असते तर चित्र सपाटच दिसले असते. माणसाच्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याच अंतरावरून एका दृश्याची दोन छायाचित्रे घेतात. व्ह्यू-मास्टरची कल्पना काढणाऱ्या, अमेरिकेतील पोर्टलंडच्या विल्यम ग्रूबरने दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवले होते ते यासाठीच. सॉयर्स या पोस्टकार्डे छापणाऱ्या कंपनीचे हॅरॉल्ड ग्रेव्हज त्याला 1938 मध्ये ऑरेगनच्या गुहांपाशी भेटले आणि 1939 मध्ये व्ह्यू-मास्टर बाजारात आला.

नऊ सेंटिमीटरच्या चकतीवर 14 चित्रे असतात, म्हणजे सात जोड्या. जोडीतली दोन चित्रे एकमेकांच्या बरोबर समोर येतात. यंत्राची दांडी दाबली की चकती एक घर (एका चित्राची जागा) नाही, दोन घरे सरकते. एकेकच घर सरकली असती तर एक आड एक जोडी उलटी येऊन उजव्या डोळ्याचे चित्र डाव्याला दिसले असते. मग दूरचा डोंगर पुढे आणि जवळचे झाड मागे! सात हा आकडा विषम असल्यामुळेच डावी-उजवी चित्रे आलटून पालटून बसतात. आठ जोड्या केल्या तर हा हिशेब जुळतच नाही. (चकती पालथी घातली तर मात्र चित्रातली जवळ-दूरची जाणीव बिघडत नाही, फक्त पाट्यांवरची अक्षरे उलटी दिसतात. करून पाहावे.)

परीकथांच्या चकत्यांसाठी फ्लॉरेन्स थॉमस यांनी मातीच्या बाहुल्या घडवल्या. अशा छोट्या देखाव्यांना साडेसहा सेंटिमीटरचे अंतर चालत नाही, डोळे ताणले जातात. ठोकताळा असा, की सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग घ्यावा. बाहुली 30 सेंटिमीटरवर असेल तर कॅमेरा एकच सेंटिमीटर सरकवावा.

दुसरी चूक 'जुन्या चकत्या लाल पडतात' ही. जुन्या नव्हे, नव्या! सुरुवातीच्या चकत्या कोडाक्रोम फिल्मवर होत्या. अंधारात ठेवल्या असतील तर त्यांचे रंग आजही टवटवीत दिसतात. 1966 मध्ये सॉयर्स कंपनी जीएएफ या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि सत्तरीच्या उत्तरार्धात स्वस्त फिल्म आली. तिच्यातले हिरवे-निळे रंग उडतात, उरतो तो गुलाबी. त्यामुळे विकत घेताना पाकिटावरची चित्रे पाहून भुलू नये, चकती उजेडासमोर धरावी.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, खरा शत्रू दमट हवा. चकतीचा पुठ्ठा फुगला की आतली फिल्म जागची हलते. एक चित्र जरासे वर-खाली झाले तरी डोके दुखते, कारण डोळे आडवे जुळवून घेतात, उभे फारसे नाही. म्हणून ओले फडके कधीच लावू नये. धूळ मऊ ब्रशने किंवा हवेच्या रबरी फुग्याने उडवावी. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. चकती अर्ध्यावर अडकत असेल तर दांडी जोरात दाबू नये: पुठ्ठ्यातल्या बारीक खाचा फाटतात आणि मग ती चकती कायमचीच अर्धवट थांबते. प्लास्टिकच्या यंत्राला थिनर लावला तर भेगा पडतात. जुने बेकेलाइटचे (पूर्वीच्या कडक प्लास्टिकचे) यंत्र त्या मानाने दणकट, पण हातातून पडले की तडकलेच.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी